रिकाम्या चौकोनांवरचा शिक्का

फारुखभाऊसारखा अक्षरं लावणारा माणूस अख्ख्या अमरावतीत नाई, हे मी, आशाबाई बायंडिंगवाली, छातीठोक सांगते. आधी प्रेसमध्ये शिशाचे खिळे जुळवले, आता कॉम्प्युटरवर लोकायचे प्रबंध लावतात. खिळ्यावर अक्षर उलटं असते, त्याची सवय अशी, की समोरच्याच्या हातातला कागद उलटाच वाचून घेतात.

त्या दिवशी धामणगावची प्रियदर्शनी रडत दुकानात आली. कापसाच्या जिनिंगमधल्या बायांवर पाच वर्षं खपून तिनं मराठीत प्रबंध लिहिला, अन् विद्यापीठातल्या बाबूनं तो परत केला. काहून? तर नियमात एका इंग्रजी फॉन्टचं नाव होतं, अन् हिचा फॉन्ट दुसरा! पाच वाजता मुदत संपत होती. मग नोंदणीच रद्द.

मले असा संताप आला! अरे भैताडा, त्या फॉन्टमध्ये मराठीचं एक अक्षर तरी हाय काय?

आमी दोघंही तिच्यासंगं गेलो. बाबूच्या टेबलावरचा नियम फारुखभाऊनं उलटाच वाचला. "साहेब, हा तर इंग्रजी प्रबंधासाठी हाय. मराठीले पर्यायी फॉन्ट द्याच लागते."

"मराठीचा वेगळा नियम आला नाई. म्हणजे हाच," बाबू मान वर न करता बोलला.

फारुखभाऊ लालबुंद. दुकानात येऊन त्यायनं मराठीचा फॉन्ट काढून टाकला अन् सारा प्रबंध त्या एकाच फॉन्टमध्ये छापला. अक्षराच्या जागी नुसते रिकामे चौकोन! "आता तरी त्याले दिसंल," म्हणाले. मी घाईघाईनं स्पायरल मारलं.

साडेचारले बाबूनं फारुखभाऊनं लिहून दिलेला फॉन्टचा दाखला पाहिला, पट्टीनं समास मोजला, अन् ठप्पकन शिक्का मारला! "आधीच असं आणाचं," म्हणे.

बाप्पा! आतलं एक पानही त्यानं वाचलं नोतं.

प्रियदर्शनीनं डोळे पुसले अन् प्रबंध त्याच्याकडं फिरवला. "साहेब, पहिल्या पानावर माझं नाव हाय. वाचा."

बाबूनं चष्मा चढवला. पान उलटलं, अजून एक उलटलं. मागची रांग पुढं झुकून पाहू लागली.

"वाचा ना! शिक्का मारला न तुमी?"

बाबूनं तो प्रबंध मिटून बाजूले सारला. तिनं खरा प्रबंध पुढं आदळला. त्यानं मुकाट्यानं शिक्का उचलला, तसा तिनं पानावर हात आडवा ठेवला.

"आधी वाचा. मोठ्यानं."

साऱ्या रांगेसमोर बाबूनं वाचलं, "प्रियदर्शनी चंद्रभान तायडे." मग तिनं हात काढला.