बंद लिफ्टबाहेरचा सण

सुताराची धाकटी लेक चिनी भाषा शिकायला परदेशी गेली खरी, पण चिनीत बोलायचं म्हटलं की तिची बोबडी वळायची. सणाला वसतिगृह रिकामं झालं आणि नेमकी लिफ्ट अडकली. पहारेकरी धावत आला. "माझी आई आत आहे, घाबरलीय. मेकॅनिकला आणतो, तोवर तिच्याशी बोलत राहा!"

"आजी, मी इथेच आहे," ती कशीबशी म्हणाली. मग तिने चिनीच्या पहिल्या धड्यातलेच प्रश्न सुरू केले. "घरी कोणकोण असतं? सफरचंद आवडतं का?" आतून हुंदके देत उत्तरं येत होती. एक उत्तर संपलं की ही लगेच पुढचा प्रश्न विचारायची.

अखेर दार उघडलं. आजीने तिचं मनगट धरलं.

"माझी चौकशी झाली. आता चल जेवायला, तुझी करते!"