पोत्यांच्या काट्यावर लेक

खताच्या पोत्यांचा नाकात चढणारा वास आला की मला अजून चीड येते. पन्नास वर्षांखालची गोष्ट, आमच्या कवठे गावची. माझी लेक महिन्याची, अगदीच किरकोळ. शिरूरच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलेलं, "तीन किलो भरलीय. आठ दिवसांनी घरीच वजन करा, वाढलं नसेल तर थेट पुण्याला न्या." घरात धान्याचा तराजू होता, पण सासूबाई म्हणाल्या, "जित्तं लेकरू तराजूत घालायचं न्हाई, दृष्ट लागती." तवा दौंडला विज्ञान शिकवणारे माझे धाकटे दीर मला गावच्या शेतकी सोसायटीच्या खताच्या गोदामात, पोती तोलायच्या काट्यावर घेऊन गेले. वाटेत सगळं न्यूट्रिनो नावाच्या कणाचं पुराण. तो म्हणे हाती धरता येत नाही, म्हणून शास्त्रज्ञ बाकीचं सगळं मोजतात आन् कमी काय पडलं त्यावरून त्याचं वजन काढतात. तसंच आधी मला लेकीसकट उभं केलं, मग एकटीला. वजाबाकी एकदा अडीच किलो, एकदा साडेतीन, पुन्हा तीन. तरी भावजी खूश! "वहिनी, पोरगी चार किलोच्या वर न्हाई, हे पक्कं!" "अवो, ते मांडीवर घेतलं तरी कळतंय! वाढली का ते सांगा." "ते ह्या काट्याला न्हाई समजायचं." मी रडतच घरी आले. सासूबाईंनी माझ्याकडं बघितलं, तराजू काढला, दोन्ही पारड्यांत आपलं एकेक लुगडं अंथरलं आन् म्हणाल्या, "ठेव. दृष्ट मी काढते." लेक पाव किलोनं वाढली होती. परवा नातीनं पेपरात वाचून दाखवलं, त्या कणाचं वजन अजून 'एवढ्यापेक्षा जास्त नाही' इतकंच कळलंय. भावजी असते तर सांगितलं असतं, त्या शास्त्रज्ञांच्या घरात सासूबाई नसणार.