तिसरी ओळ

अन्याय झाला तो आमच्या शेजारच्या आबांवर. गेल्या आषाढात, एका सोमवारी, सकाळी साडेआठ वाजता आणि पुन्हा संध्याकाळी. केला मी.

आबा आंदर मावळातले जीपवाले. जीप वीस वर्षांची, आबा सत्तरीचे. पण गावात पंप कुरकुरला, ट्रॅक्टर खोकला, गिरणीचा पट्टा ओरडला, की लोक आधी त्यांना बोलवत. ते काठीचं एक टोक यंत्राला टेकवत, दुसरं कानाला लावत, डोळे मिटत आणि रोग सांगत. चुकलेले कुणाला आठवत नाहीत.

गावाला एसटी बस मिळावी म्हणून आमची संघटना मागणी करत होती. त्या प्रचारासाठी मी त्यांची जीप मागितली आणि टपावर भोंगा बांधला. आठवडाभर वाड्यावस्त्यांवर माझाच ध्वनिमुद्रित आवाज फिरत होता : ‘आता तरी आमचं ऐका.’ चौथ्या दिवशी आबा म्हणाले, “भोंगा जरा गप कर. गाडी ऐकू दे.”

“आबा, भोंगा लोकांसाठी आहे.”

“गाडीबी लोकांसाठीच हाय.”

त्यांच्या समाधानासाठी मी लोणावळ्याहून एक मेकॅनिक आणला. त्यानं उभ्या गाडीला दोनदा रेस दिली आणि सांगितलं, इंजिनाच्या माथ्यावरचे टॅपेट वाजतायत, धोका नाही, जुनी गाडी आहे, बोलणारच. मला पटलं. त्याच्याकडे पान्यांची पेटी होती, आबांकडे काठी.

सोमवारी तालुक्याच्या कचेरीत निवेदन द्यायचं होतं. भाताची लावणी सोडून नऊ बायका जीपमध्ये बसल्या होत्या. आबा मात्र इंजिन चालू ठेवून, बॉनेट उघडून उभे. काठी इंजिनाच्या माथ्यावर टेकवून त्यांनी मला बोलावलं. कानात बारीक टिकटिक आली, ती टॅपेटची. मग काठी खाली ऑईलच्या चेंबरला लावली. तिथून जड, बंद दारावर कुणी आतून मारावं तसं, ठक, ठक, ठक. एकेका सिलिंडरचा डिझेलचा पाइप सैल करून ते तेवढाच सिलिंडर बंद पाडत गेले. तिसऱ्याला ठोका मंदावला.

“तिसऱ्याचं बेरिंग गेलंय. ही घाट न्हाई चढायची.”

मग इंजिन बंद करून ऑईलची पट्टी ओढली. ऑईल खुणेपर्यंत होतं. हे मी पाहिलं. त्यांनी थेंब अंगठ्यावर घेऊन उन्हात धरला, त्यात बारीक चकाकी होती. घासलेल्या बेरिंगची.

जीपमधून एक मावशी ओरडली, “आबाला गाडीचं न्हाई, कानाचं मशीन बघा आता.” बायका हसल्या. मीही हसले. म्हणाले, “आबा, आज या बायका परत गेल्या तर पुन्हा येणार नाहीत. भीती वाटत असेल तर सांगा, दुसरा ड्रायव्हर बघते.”

त्यांनी काठी सीटमागे ठेवली आणि किल्ली फिरवली.

घाटात, फाट्याअलीकडच्या चढावर इंजिन फुटलं. फुटताना आम्हाला ऐकूही आलं नाही, भोंगा चालू होता. गाडी थांबल्यावर मागच्या रस्त्यावर ऑईलचा काळा पट्टा दिसला. कुणाला इजा झाली नाही. बायका उतरून चिखलातून घरी निघाल्या आणि बॅटरीवरचा माझा आवाज रिकाम्या खाचरांवरून ओरडत राहिला : आता तरी आमचं ऐका. आबांनी हात वर करून तार उपटली.

त्याच संध्याकाळी मी पत्रक लिहिलं. पत्रकात दोषी तिसऱ्या ओळीपर्यंत सापडला पाहिजे, असं मला संघटनेत शिकवलं होतं. तिसऱ्या ओळीत मी लिहिलं : ‘चालकाने ऑईल न तपासल्यामुळे गाडी बंद पडली व निवेदन देता आले नाही.’ पट्टीवरचं ऑईल डोळ्यांनी पाहून लिहिलं.

त्यानंतर आबांना कुणी बोलावलं नाही. ना पंपाला, ना गिरणीला.

तो ठोका मात्र माझ्याकडे आला. छपाईच्या यंत्रात येतो, पंख्यात येतो, सभेत टाळ्या थांबल्या की येतो. दिवाळीनंतर मी त्यांच्याकडे गेले. परड्यात प्लॅस्टिकखाली जीप उभी होती, आणि आबा त्या मेलेल्या इंजिनाला काठी लावून, डोळे मिटून बसले होते.

“काय ऐकताय आबा?”

“तेच. तुलाबी येतंय ना?”

मी हो म्हणाले. त्यांनी काठी पुढे केली. मी घेतली नाही, पळून आले.

दुसरं पत्रक काढून माफी मागता येईल, असं संघटनेतले सोबतचे म्हणतात. पण ते पहिलं गावोगावच्या खांबांवर आणि दुकानांच्या फळ्यांवर अजून चिकटलेलं आहे, आणि सगळीकडे माझे हात पोचत नाहीत. तेव्हा तुम्ही हे करा. मावळात कुठंही ते दिसलं तर पेन काढा, तिसरी ओळ खोडा आणि वर लिहा : ऑईल होतं, आबांनी सांगितलं होतं. आणि तुमचा पंप कुरकुरत असेल, तर आज आबांच्या दारात जा आणि त्यांना बोलवा.