बुद्धिबळाच्या कॅसेटचा सूड

हे सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. जुन्या कंप्युटरचा विषय निघाला की रबरी बटणांच्या गमती सांगून मी थांबायचो. पुढचं आज लिहितो.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. भिवंडीत मी शाळेत विज्ञान शिकवायचो. घरी टीव्हीला जोडायचा छोटा कंप्युटर घेतला होता. त्याचे प्रोग्राम कॅसेटवर यायचे. टेपरेकॉर्डर लावून ते चढवायचे. मी विकत घेतलेला पहिला प्रोग्राम बुद्धिबळाचा. मुंबईहून ती कॅसेट मी मांडीवर धरून आणली.

गल्लीतले लूम, म्हणजे यंत्रमाग, सुरू झाले की व्होल्टेज कोसळायचं, म्हणून टीव्हीशेजारी जाडजूड स्टॅबिलायझर होता. कापसाची पिसं तर घरभर. स्टॅबिलायझरचा माथा तेवढा मी रोज पुसायचो, म्हणून कॅसेट तिथेच ठेवायचो.

समोरच्या लूमवाल्यांचा थोरला मुलगा माझ्याच वयाचा, माझा मित्र. "मास्तर, कंप्युटर हाय का अंडी उबवायची पेटी?" असं चिडवत आला आणि माझ्याहून जास्त वेडा झाला. त्यानेही तसाच कंप्युटर आणला. एकदा माझी कॅसेट दोन दिवस नेली. परत आल्यावर आठवड्याभरात ती चढेनाशी झाली.

"माझ्याकडे मस्त चालली, कसम से," तो म्हणाला.

"असू दे यार," मी म्हणालो. त्याच क्षणी ठरवलं, याची अशीच जिरवायची. घाई केली नाही. त्याच्याबरोबर रोज चहा प्यायलो. राग मी जपून ठेवला.

काही महिन्यांनी त्याने साडीच्या किनारीची नक्षी पडद्यावर काढायचा प्रोग्राम मिळवला. वडिलांना त्याने कसंबसं राजी केलं होतं. शुक्रवारी लूम बंद असतात, तेव्हा त्यांना दाखवायचं. पसंत पडलं तर लूम धाकटा सांभाळणार आणि हा नक्षीचं काम कंप्युटरवर करणार.

गुरुवारी संध्याकाळी तो कॅसेट तपासायला माझ्याकडे आला. पडद्यावर किनार उमटली तेव्हा त्याचे डोळे भरून आले. कॅसेट माझ्याकडेच ठेवून तो नमाजला गेला. तिच्यावर चुकून रेकॉर्ड होऊ नये म्हणून कॅसेटची खिट्टी तोडलेली असते. त्या भोकावर मी चिकटपट्टी लावली, रेकॉर्डचं बटण दाबलं आणि प्रोग्रामवर नुसती शांतता भरली. मग पट्टी काढून टाकली.

शुक्रवारी त्याच्या घरी वडील, दोन काका आणि एक व्यापारी येऊन बसले. टेप फिरत राहिली, पडदा कोराच. तो पुन्हा मागे न्यायचा, पुन्हा लावायचा. मी शेजारी बसून खिमा-समोसा खात होतो. इतका चविष्ट समोसा मी पुन्हा कधी खाल्ला नाही.

"झालं खेळणं?" वडील म्हणाले. "उद्या सकाळच्या शिफ्टला तू उभा राहायचा. तो डबा विकून टाक."

त्याने माझ्याकडे पाहिलं. "मास्तर, तुझ्याकडे चालली ना काल?"

"चालली होती," मी म्हणालो.

तो लूमवर गेला तो कायमचाच.

त्या वर्षीच्या पावसाळ्यात मी बुद्धिबळाची दुसरी कॅसेट घेतली. ती कोणालाच दिली नाही. तीही गेली. तेव्हा कुठे माझं लक्ष स्टॅबिलायझरकडे गेलं. वर्गात पोरांना तारेच्या वेटोळ्यातून चुंबक बनवून दाखवणारा मी, चुंबकाने लिहिलेली टेप स्टॅबिलायझरमधल्या ट्रान्सफॉर्मरच्या डोक्यावर ठेवत होतो. माझी कॅसेट मीच पुसली होती. त्याने नव्हे.

तरी मी गप्प राहिलो. खरं सांगायचं तर सुडाची गोडी लगेच उतरली नाही. माझंच चुकलं हे कळूनही त्या शुक्रवारचं त्याचं तोंड आठवलं की आत कुठेतरी बरं वाटायचं. या गोष्टीची लाज मला त्या चिकटपट्टीहून जास्त वाटते.

कबूल करायचा एकदाच प्रयत्न केला. निवृत्तीनंतर मी मुद्दाम त्याच्या कारखान्यात गेलो. लूम धडधडत होते. त्याच्यासमोर उभा राहून सगळं बोललो, पट्टी, बटण, "माफ कर."

ऐकू येत नाही म्हणून त्याने कानाकडे बोट दाखवलं आणि मला बाहेर ओढलं. दार लोटून घेतलं. "आता बोल, काय म्हणत होतास?"

तिथे सगळं ऐकू येत होतं.

"काही नाही," मी म्हणालो, "चहा पाजतोस का?"