डब्यावरची प्रार्थना

सुलोचनाआत्या गेली तेव्हा मी उल्हासनगरला, आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल करत होते. पप्पांचा फोन वाजत होता, मॅडम डोळे वटारत होत्या, म्हणून मी तो तीनदा कट केला. चौथ्यांदा उचलला तर पप्पा एवढंच म्हणाले, "एस्तेर, घरी ये. आत्या..." सकाळी सहाला जिने मला डबा भरून दिला, ती साडेदहाला नाही, हे डोक्यात शिरेचना. बेलवलीला घरी पोहोचेपर्यंत मी तिच्यावर चक्क चिडले होते. न सांगता निघून जाणं तिच्या स्वभावातच नव्हतं.

आत्या म्हणजे पप्पांची थोरली बहीण. लग्न केलं नाही, आमच्याकडेच राहिली. उल्हासनगरच्या कॅम्प चारमधल्या एका जीन्सच्या कारखान्यात ती वीस वर्षं काज-बटणाच्या मशीनवर बसली. कारखान्याची सुट्टी शुक्रवारी, रविवारी काम. तिने पहिल्याच आठवड्यात शेठना सांगून टाकलं होतं, "रविवारी मी उपासना करून अकराला येणार. राहिलेलं काम संध्याकाळी थांबून पुरं करीन." विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. चिकनगुनियात पाय उचलत नव्हते तेव्हा ती कठड्याला धरून चर्चच्या पायऱ्या चढली आणि तशीच पुढे कामावरही गेली. मला हे सगळं तेव्हा अतीच वाटायचं.

मी स्वतःला फार मोठी विश्वासणारी समजत होते. संडे स्कूलमध्ये वचनं पाठ म्हणण्यात माझा हात धरणारं कोणी नव्हतं. मग कॉलेज सुरू झालं आणि माझी सगळी हवा निघाली. पहिल्याच आठवड्यात कॅन्टीनमध्ये डबा उघडला, सवयीने डोळे मिटणार, तेवढ्यात समोर बसलेली अंबरनाथची सायली म्हणाली, "ए एस्तेर, एक विचारू? तुम्ही लोकांनी धर्म बदलला तेव्हा काय मिळालं रे तुम्हाला? सच बता, घर वगैरे?" टेबलावरच्या सगळ्या हसल्या. सायली वाईट मुलगी नाही, तिच्या तोंडाला कुलूप नाही इतकंच. चार पिढ्यांपूर्वीची गोष्ट आहे, नगरकडच्या माझ्या खापरपणजोबांना गावाने वाळीत टाकलं, बाकी कोणी काही दिलं नाही, हे मला सांगता आलं असतं. मी मात्र सगळ्यांबरोबर हसले आणि प्रार्थना न करता घास तोंडात घातला. तो गिळताना मला स्वतःची लाज वाटली, आणि तरीही दुसऱ्या दिवशी डोळे मिटायची हिंमत झाली नाही.

मग मी एक शक्कल काढली. आत्याला म्हणाले, "आम्हाला जेवायला दहाच मिनिटं मिळतात गं. तू इथेच डब्यावर प्रार्थना करून देत जा ना." तिने माझ्याकडे नीट पाहिलं. मग डब्याच्या झाकणावर हात ठेवला, डोळे मिटले आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "प्रभू, या अन्नावर तुझा आशीर्वाद असू दे. आणि हा डबा उघडायला लाजणाऱ्या पोरीवरही." माझे कान तापले. पण डबा मी उचललाच!

पुढे रोज तेच. जून गेला, जुलै गेला. सहा वाजता ओट्याशी उभं राहून आत्या माझ्या वाटची प्रार्थना करायची, आणि मी बूट घालता घालता ऐकायचे. कधी त्यात माझं जर्नल यायचं, कधी पप्पांची शुगर, आणि सायलीचं नाव कळल्यावर सायलीसुद्धा. एकदा मी विचारलं, "तुला माझा राग नाही येत?" ती डब्याची खिट्टी लावत म्हणाली, "राग कशाला? मला जमतंय तोवर करीन की. पण ही माझी प्रार्थना झाली हां पोरी, तुझी नाही. तुझी अजून बाकीच आहे." मी "हो गं" म्हणून सटकले. हे असंच वर्षानुवर्षं चालणार, असं मी धरून चालले होते.

तिच्या दफनविधीला कारखान्यातल्या सगळ्या बायका आल्या. शेठही आले, डोक्याला रुमाल बांधून शेवटपर्यंत उभे राहिले. पप्पांचा हात धरून म्हणाले, "बहनजीने बीस साल में ना एक संडे छोड़ा, ना मेरा एक पीस अधूरा छोड़ा." मी बाजूलाच उभी होते. वीस वर्षं ती ज्या लोकांमध्ये बसली त्यांतल्या एकालाही ती कोणावर विश्वास ठेवते हे शोधावं लागलं नव्हतं. मला रडू आलं ते तिच्यासाठी होतं, पण सगळंच तिच्यासाठी नव्हतं.

दहा दिवसांनी कॉलेजला गेले. डबा मम्मीने भरला होता. बिचारी पहाटेपासून रडत होती, तिला काही सुचलं नाही आणि मीही डबा तसाच उचलून निघाले. कॅन्टीनमध्ये झाकण काढलं, पोळीला हात लावला, आणि थांबले. आज या डब्यावर कोणीच प्रार्थना केलेली नव्हती. आणि यापुढे आपोआप कोणी करणारही नव्हतं.

समोर सायली होती, आजूबाजूला भरलेली टेबलं. मी ओढणी डोक्यावर घेतली, हात जोडले आणि डोळे मिटले. मनातल्या मनात नाही म्हटलं, आत्यासारखं मोठ्याने म्हटलं. वचनं पाठ असलेल्या मला धड वाक्यं सुचेनात. अन्नाबद्दल आभार मानले, आत्याबद्दल मानले, मम्मीला बळ दे म्हटलं, सायलीचंही नाव घेतलं... बाजूच्या टेबलावर कोणीतरी फिसकन हसलं. मी थांबले नाही. मग मात्र आत्याच आठवली आणि पुढचे शब्द अडकले. डोळे मिटलेलेच होते.

थोड्या वेळाने सायलीचा आवाज आला, एरवीपेक्षा खूपच हळू. "झालं का गं? जेवूया?"

"थांब," मी म्हटलं, "आमेन राहिलंय."