धागा तुटला आणि संघ थांबला

मुलांनो, तुम्ही तिकडे इनडोअर फुटबॉल खेळू लागलात असं काल तुमच्या आईने सांगितलं, म्हणून हे लिहिते. नव्वदच्या सुमारास आपल्या भिवंडीतही असा एक पगारी संघ होता. नारपोलीच्या एका शेठने रिकाम्या लूम शेडमध्ये, म्हणजे यंत्रमागाच्या शेडमध्ये, आपल्याच पाच कामगारांचा तो उभा केला होता.

मी जायचे ती त्यांच्या गोलकीपरला पाहायला. त्याचं नाव कधी विचारलं नाही. तो ओरडत नसे. लूमच्या खडखडाटात कामगार हातांनी बोलतात, तसा तो बोटांनीच संघ हलवायचा.

एकदा मुंबईच्या संघाशी सामना होता. "हरलात तर संघ बंद, परत शिफ्टला या," असं शेठने बजावलं होतं. अखेरीस बरोबरी असताना गोलकीपरला गोलच्या जाळीचा एक दोरा तुटलेला दिसला आणि सवयीने त्याची मूठ वर गेली. लूमवर त्या खुणेचा अर्थ, धागा तुटला, थांबा. चौघेही साथीदार जागीच थांबले. मुंबईकरांनी गोल मारला.

"अबे, लूम बंद किया क्या?" मागून कोणीतरी ओरडलं.

सामना संपल्यावर बाहेर मी गोलकीपरला विचारलं, "अहो, सामना चालू असताना मूठ कशी वर केलीत?"

तो कसनुसा हसला. "तुटलेला धागा दिसला, का हात ऐकत न्हाय, बाई."

चौघांपैकी एकानेही त्याच्या खुणेवर शंका घेतली नाही, याचं मला अजून नवल वाटतं.

दुसऱ्या दिवशी पाचही जण लूमवर गेले. त्या शेडचं आता गोदाम झालंय. जमिनीवर रंगवलेलं मैदानाचं मधलं वर्तुळ तेवढं अजून दिसतं.