लहूकाकांचं पाचवं शील

अमेरिकेतल्या चँडलरला रविवारची वंदना दर आठवड्याला कुणाच्या ना कुणाच्या घरी असते. सोफे भिंतीला सरकवायचे, सतरंज्या अंथरायच्या, टेबलावर बुद्धमूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो मांडून मेणबत्त्या लावायच्या. मंडळी बसली की लहूकाका आत यायचे. पांढरा झब्बा, पाय जरा दुखरे, हात मोकळे. पण यायचे असे, की मागे कुठेतरी पडदा सरकला असावा. पंचशील तेच म्हणायचे. ते एक ओळ म्हणणार आणि मागून सगळे ती उचलणार. इथे वाढलेल्या मुलांना त्यातल्या पालीचा अर्थ लागत नसे, पण काकांच्या आवाजापाठोपाठ जायला त्यांना आवडायचं.

हा आवाज घडला होता नागपुरात. दिवसभर छापखान्यात खिळे जुळवायचे आणि संध्याकाळ झाली की डफ काखेत मारून जलशाला निघायचं. वस्तीत चार टेबलं जोडून मंच व्हायचा. वर गॅसबत्ती फुरफुरायची, समोर बायाबापड्या पोतं टाकून बसायच्या. गाण्यातून, सोंगांतून बाबासाहेबांचं म्हणणं सांगायचं, हसवता हसवता रडवायचं. काकांच्या डफाची पहिली थाप पडली की रडणारी पोरंसुद्धा गप्प व्हायची. त्यांच्या शेजारी तुणतुणं घेऊन दिगंबर उभा असायचा. रूपाने देखणा, गळ्याने गोड आणि जिवाला जीव देणारा.

दिगंबरला चिलमीने खाल्लं. आधी गंमत, मग सवय, मग गांजाशिवाय दिवस उगवेना. एका जयंतीला भर मंचावर त्याचं तुणतुणं एकीकडे आणि काकांचा डफ दुसरीकडे गेला. लोक हसले. दिगंबरही हसला, कारण आपण कुठे चुकलो तेच त्याला कळलं नव्हतं. पुढे तो फार जगला नाही. तेव्हापासून तो गोडसर, उग्र वास कुठे आला की काका रस्ता बदलायचे. पाचवं शील, नशेपासून दूर राहण्याचं, म्हणताना त्यांचा आवाज चढायचा तो दिगंबरसाठी.

बायको गेल्यावर मुलीने, उपासनाने, त्यांना चँडलरला आणलं. ती कॉम्प्युटरच्या चिपच्या कारखान्यात इंजिनिअर, जावई प्रितमही तिथलाच. डफ विमानात मांडीवर बसून आला. पण इथे आल्यावर काकांच्या बोटांचे सांधे सुजायला लागले. संधिवात. आधी डफ भिंतीवर गेला, मग चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागला. गोळ्यांनी पोट बिघडलं, झोप तुटायला लागली. आणि एप्रिलच्या जयंतीला काकांच्याच डफाने सुरुवात करायची, असं मंडळाने ठरवून ठेवलेलं.

उपासनाने डॉक्टरांशी बोलून एक दिवस एक डबी आणली आणि टॉर्चएवढं एक काळं यंत्र. डबीचं झाकण उघडताच काका खुर्चीतून उठले.

“हे दिगंबरच्या चिलमीतलं आहे.”

नाही म्हणून तिने परोपरीने सांगितलं. हे हेम्पचं फूल आहे, झाड त्याच घराण्यातलं असलं तरी यात नशा आणणारा अंश नावापुरताच आहे, तसा लॅबचा रिपोर्ट आहे. यात असतं ते सीबीडी नावाचं द्रव्य. त्याने काही लोकांना दुखण्यात उतार पडतो, काहींना नाही पडत. डॉक्टरांनी थोडंसं घेऊन बघायला हरकत नाही म्हटलंय, बाकीच्या गोळ्या तपासून घेतल्यात. फुफ्फुसांना हे वर्षानुवर्षं चालतं का, ते मात्र अजून कुणाला नीट ठाऊक नाही, हेही तिने लपवलं नाही. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि खोलीचं दार लावलं. नंतर जेवताना ते फक्त प्रितमशी बोलले.

त्यांना वळवलं ते एका बटणाने. सकाळी उपासनाची शिफ्टला निघायची घाई, आणि काका हॉलमध्ये उभे, झब्ब्याचं मधलं बटण पकडायचा प्रयत्न करत. बोटं जुळेनात. ती आली, सगळी बटणं लावली, कॉलर सारखी केली, गाडीत जाऊन बसली. पण गाडी हलेना. काकांनी पडदा बाजूला करून पाहिलं तर मुलगी स्टिअरिंगवर डोकं टेकून बसली होती.

संध्याकाळी ती परत आली तेव्हा काका मागच्या अंगणात संत्र्याच्या झाडापाशी खुर्ची टाकून बसले होते. शेजारी दुसरी खुर्चीही होती.

“आण तुझी ती चिलीम,” ते म्हणाले.

“चिलीम नाहीये बाबा. व्हेपोरायझर म्हणतात.”

“नाव गोड ठेवलं की झालं का?”

फूल बारीक करायची चकती त्यांच्या हातांना फिरेना, म्हणून ती तिने फिरवली. चुरा यंत्राच्या छोट्या वाटीत भरला, वर तोंडाची नळी बसवली, बटण दाबलं. दिवा लुकलुकत राहिला, मग स्थिर झाला आणि यंत्र हातात एकदा थरथरलं. हळू ओढा, घाई करू नका, असं तिने सांगितलं. काकांनी ओढलं, ठसकले, परत ओढलं. वाळलेल्या गवताची, मिरीची चव आली. तोंडातून जे बाहेर पडलं ते इतकं विरळ होतं, की दिसेपर्यंत हवेत मिसळून गेलं.

“धूर कुठंय?”

“धूर होतच नाही. ते जळत नाही, नुसतं तापतं. जळायच्या आत थांबतं मशीन.”

विश्वास बसावा म्हणून तिने वाटी त्यांच्या तळव्यावर उपडी केली. राख नव्हती. फूल तपकिरी झालं होतं, पण फूलच होतं. काका ते बोटाने चाळवत बराच वेळ बसले. जलसा सुरू व्हायच्या आधी डफ शेकावा लागायचा. दमट हवेने कातडं सैल पडलेलं असे. मग कडबा पेटवून त्यावरून डफ फिरवायचा. शेक लागला पाहिजे, जाळ लागता कामा नये. जाळ लागला की कातडं गेलं. छापखान्यातून थेट आलेले काका ते काम दुसऱ्या कुणाच्या हाती देत नसत.

“हे समजतं मला,” एवढंच ते म्हणाले.

मग तो रोजचा रिवाज झाला. उपासनाने चकती फिरवायची, काकांनी दिवा स्थिर व्हायची वाट बघायची, आणि तेवढ्यात तिने दिवसभराचं सांगायचं. आठवडा संपायच्या आत झोप जरा लांबली. बोटं उघडमीट करायला लागली. ते फुलामुळे, की मुलगी रोज शेजारी बसते म्हणून, हे विचारायच्या भानगडीत कुणी पडलं नाही.

आणि मग रविवार आला.

काकांनी पहिली चार शीलं नेहमीसारखी म्हटली. पाचव्याला त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. मागे सगळे हात जोडून थांबलेले. कुणीतरी खोकलं. शेवटी पुढे बसलेल्या संघमित्राताईंनी ते शील उचललं, लोकांनी त्यांच्यामागून म्हटलं आणि वंदना पुरी झाली. ताई काकांच्याच वस्तीतल्या, ऐन तारुण्यात त्यांच्या जलशात कोरसला उभ्या राहिलेल्या. आता इथे सुनेकडे असतात.

चहाच्या वेळी मंडळींनी आपापले तर्क लढवले. अवधूत म्हणून एक थट्टेखोर गृहस्थ आहेत, त्यांनी काकांच्या पाठीवर हात ठेवला. “काय काका, पाचव्यालाच बरा घसा बसला. अमेरिकन वाइन आवडली वाटतं?”

“वाइन नाही,” काका म्हणाले. “गांजाचा चुलतभाऊ. रोज संध्याकाळी घेतो.”

चिवड्याचे चमचे जागच्या जागी थांबले. उपासनाच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. घरी जाताना गाडीत तिने इतक्या दिवसांचं सगळं बाहेर काढलं. औषध म्हणून आणलं, डॉक्टरांना विचारून आणलं, आणि तुम्ही मला सगळ्यांपुढे बापाला नशा देणारी करून ठेवलं. काका खिडकीबाहेर बघत होते.

“मी एकटा म्हणत असतो तर म्हटलं असतं, बेटा,” ते म्हणाले. “पण मी पुढं उभा असतो. माझ्या मागून पोरं म्हणतात. त्यांच्या तोंडी खोटं कसं घालू?”

त्यांनी ठरवून टाकलं. यंत्र बंद, वंदनेत पुढे उभं राहणं बंद, जयंतीचा डफही बंद. संध्याकाळी अंगणात खुर्च्या तशाच राहिल्या. उपासना एका खुर्चीवर थोडा वेळ बसली आणि आत गेली.

काही दिवसांनी संघमित्राताई आल्या. सुनेने दारात सोडलं. जयभीम झाला, चहा झाला, गुडघ्यांच्या तक्रारी झाल्या, यंत्राचं आणि लॅबच्या रिपोर्टचं उपासनाकडून ऐकून झालं. मग ताईंनी भिंतीवरच्या डफाकडे बोट केलं.

“लहूभाऊ, दिगंबर पिऊन आलाय हे तुम्हाला कसं कळायचं हो? डोळे तर त्याचे बारा महिने लाल.”

“तालावरून,” काका तात्काळ म्हणाले. “सम हुकायची. थोडी का ओढलेली असेना, सम हुकायचीच. आणि हुकली हे त्याला कळायचं नाही.”

“मग रिपोर्टवर नसेल विश्वास, तर नसू दे. ती मशीन ओढा आणि वाजवा. मी ऐकते. हुकलात तर मीच सांगेन सगळ्यांना, माझी जीभ तुम्हाला ठाऊक आहे.”

काकांनी उपासनाला हाक मारली आणि डफ काढायला सांगितलं.

त्या संध्याकाळी अंगणात चौघं होते. प्रितमने ताईंसाठी उशी आणली. उपासनाने चकती फिरवली, वाटी भरली. काकांनी रोजच्याएवढंच ओढलं आणि अंगात काय होतंय ते बघत डोळे मिटून बसले. ऊन डोंगराआड गेलं. मग ते स्वयंपाकघरात गेले आणि बारीक गॅसवर, हातभर उंचावरून, डफ फिरवायला लागले. कुणालाही हात लावू दिला नाही.

पहिल्या थापेला त्यांचा चेहरा आक्रसला. अंगठा ऐकेना. काकांनी त्याला वगळलं आणि तळव्याने, उरलेल्या बोटांनी ठेका धरला. साधा, चालीचा. ताईंनी मांडीवर टाळी दिली. ठेका फिरून आला तो बरोबर टाळीवर. परत गेला, परत आला. काकांनी लय वाढवली. आता ताई टाळी द्यायच्या बंद झाल्या, मुद्दाम, आधार काढून घेतल्यासारख्या. काका डोळे मिटून दुप्पट लयीत फिरत राहिले, आणि ज्या क्षणी ताईंचा हात परत मांडीवर पडला त्याच क्षणी डफाची थाप पडली.

डफ मांडीवर ठेवून काका सुजलेल्या बोटांकडे बघत राहिले.

“हुकली का?” त्यांनी विचारलं.

“हुकली असती तर गप्प बसले असते का मी?” ताई म्हणाल्या. डोळे त्या पदराने पुसत होत्या.

“दुखतंय का बाबा?” उपासनाने हळूच विचारलं.

“दुखतंय की. फार दिवसांनी वाजवल्यावर दुखतं तसं.”

पुढच्या रविवारी निघताना काकांनी झब्ब्याची बटणं स्वतः लावली होती. गळ्याचं तेवढं राहिलं होतं. उपासना पुढे आली, ते लावलं, कॉलर सारखी केली. त्यांनी ते मुद्दाम ठेवलं होतं हे तिला कळलं, आणि तिला कळलं हे त्यांनाही.

वंदनेला काका पुढे उभे राहिले. चार शीलं झाली. पाचव्याआधी ते थांबले तेव्हा अवधूतरावांनी मान वर केली. काका मागे वळून बघत होते. उशिरा आलेल्या कुणाचे तरी बूट बाजूला करायला उपासना दारापाशी गेली होती. ती येऊन आपल्या जागी बसली, तिने हात जोडले, आणि मग काकांनी पाचवं शील म्हटलं, जलशातल्यासारखं, शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल असं.